अफ्राच्या पायातली जागा

मित्रांनो, कोठीच्या भिंतीला टेकून उभी असलेली ही लाकडी स्कीची जोडी म्हणजे मी. टायरॉलच्या डोंगरात, आल्मबाख नावाच्या गावी माझा जन्म झाला. कोर्बिनियन सुतार गाड्यांची चाकं करायचा. त्याने चिवट लाकडातून मला कापलं, वाफेवर माझी टोकं वळवली आणि आपल्या थोरल्या लेकीच्या, अफ्राच्या, पायात घातलं.

तेव्हापासून मी फक्त तिची होते. उतारावर ती मनात वळायची, तोवर मी वळलेली असायचे. माणसं थांबून बघायची. "पोरगी कसली, पाखरू आहे!" म्हणायची. त्या कौतुकातला अर्धा वाटा माझा, असं मी धरून चालले होते.

मग एका नाताळात कोर्बिनियनने शहरातून तांबडी, चकाकणारी, धातूची जोडी आणली. अफ्रा आता पाहुण्यांना स्की शिकवणार होती ना! तिने त्या तांबडीला छातीशी धरलं. मला तिने कधी असं धरलं होतं का, ते मला आठवेना. मी धाकट्या विल्माच्या वाट्याला आले, अफ्राचे जुने कोट यायचे तशी.

"तिला नवी आणि मला तिची उतरलेली," विल्मा फणकारली.

"लाकूड पक्कं आहे, पोरी," कोर्बिनियन म्हणाला.

"मग तिलाच राहू द्या ना!"

मला तिचा राग आला नाही. मलाही हेच म्हणायचं होतं.

जानेवारीत एका सकाळी गाव उठलं तर कमरेइतका ताजा बर्फ. आभाळ निळंशार, उतारावर एकही रेघ नाही. माणसांना डोंगरावर ओढून नेणाऱ्या लिफ्टचा दोर सुरू होताच दोघी बहिणी सगळ्यांच्या आधी वर पोचल्या. अफ्रा निघाली. भुरभुरीत बर्फ तिच्या छातीपर्यंत उडत होता आणि तांबडी त्यात बुडून पुन्हा वर येत होती. मी मागून बघत होते आणि जळत होते. माझ्यावर विल्मा घाबरून ताठ उभी.

"अगं, गुडघे वाकव! खांबासारखी काय उभी?" अफ्रा मागे वळून ओरडली, आणि त्या नादात स्वतःच कोलांटी खाऊन पडली.

उठली तेव्हा तिचा एक पाय मोकळा होता. सुटलेली स्की बर्फाच्या पोटात गडप झाली होती.

अफ्राने हातांनी उकरून पाहिलं. काही लागेना. मला आत कुठेतरी ऊब वाटली. राहू दे तिथेच उन्हाळ्यापर्यंत! चढू दे गंज!

"विल्मे, तू वरच्या बाजूला शोध. सोमवारपासून शिकवायला जायचंय. बाबांना काय सांगू गं मी?"

विल्माने माझी एक स्की पायातून काढली आणि तिचं शेपूट बर्फात खुपसत निघाली. एके ठिकाणी मी टेकले. टणक, गुळगुळीत. तीच! मी मनात म्हटलं, दगड आहे गं तो, पुढे चल.

पण विल्मालाही कळलं होतं. मला तिथेच दाबून धरून ती खाली बहिणीकडे बघत राहिली.

"काही लागलं का?"

"नाही," विल्मा म्हणाली.

त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं, ही पोरगी माझी.

अफ्रा मटकन खाली बसली. मान खाली घालून, आवाज न करता रडू लागली. विल्माने ओठ चावला. मग म्हणाली, "सापडली. पण आज दिवसभर ही जोडी मी घालणार."

"चेटकीण!" अफ्रा नाक पुसत म्हणाली. "दे इकडे तुझं ते लाकूड."

अशी मी पुन्हा अफ्राच्या पायात आले. पहिल्याच वळणाला मला सगळं आठवलं. ती मनात वळली, मी वळले. बर्फ दोन्ही बाजूंनी पिसासारखा उडाला. आता ही म्हणेल, माझी जुनीच बरी! मी कान टवकारून वाट पाहिली.

"विल्मे, जपून! तिला ओरखडा पडेल!" अफ्रा ओरडली.

माझ्यावर उभी राहून ती त्या तांबडीची काळजी करत होती.

घरी आल्यावर अफ्राने तांबडीला स्वतःच्या मफलरने पुसलं आणि खोलीत नेलं. मी दाराबाहेर ओलीच राहिले. थोड्या वेळाने विल्मा आली.

"भाव खातेस काय? तिच्या पायात उडतेस आणि माझ्या पायात अडतेस! उद्या बघतेच तुला."

असं दटावत तिने मला आत नेलं, कोरडं केलं आणि बोटं दुखेपर्यंत मेण चोळलं. माझ्यासाठी इतका वेळ कुणी बसलं नव्हतं.

विल्मा आता गुडघे वाकवते. आमचं बरं चाललंय. तरी दारात अफ्राची पावलं वाजली की माझं लक्ष तिकडेच जातं.

मित्रांनो, नवी वस्तू जरूर घ्या. जुनी पुसून कोरडी ठेवा, नाहीतर जो पुसेल त्याच्या हाती द्या. फक्त नवीचं कौतुक आमच्यासमोर करू नका. आम्हाला ऐकू येतं.