झालेलं पान

आमच्या घरी सराव परीक्षा असली की कुकरलासुद्धा शिट्टी मारायची बंदी. सासूबाई चवड्यांवर चालायच्या, माझा नवरा शिंक आली तर उशीत तोंड खुपसायचा. आणि आतल्या खोलीत माझी धाकटी नणंद, चिंगी, घड्याळ लावून पेपर सोडवत असायची.

परीक्षा सरकारी अधिकारीपदाची. एकच पेपर आणि त्यावरच निवड. चार पर्यायांतला एक ठरवायचा, पेनानं गोल काळा करायचा, चुकलं तर कमावलेल्या गुणांतूनही कापणार. दोनदा ती थोडक्यात हुकली होती आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटची खेप. पहिल्या वर्षी सगळे तिला कौतुकानं ‘साहेब’ म्हणायचे. आता कुणाच्या तोंडी तो शब्द येत नव्हता.

“अभ्यासात मी कमी पडत नाही गं वहिनी,” ती म्हणायची, “पण हातातले गुण जातात कुठे, तेच कळत नाही.”

“बघूच कुठे जातात ते!” म्हणून एका रविवारी मी तिच्यासमोर खुर्ची टाकून पर्यवेक्षक झाले.

दोन तास तोंड मिटून बसणं म्हणजे मला जन्मठेपच, पण बसले. बघते तर काय, सुरुवातीला गाडी अगदी सुसाट! कुठे अडखळणं नाही. मग शेवटच्या अर्ध्या तासात बाईसाहेब सोडवून झालेल्या पानांवर परत गेल्या आणि खोडरबर हातात घेतला. खोड, काळं कर, नखं चाव, परत खोड. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स पुन्हा वापरता यावी म्हणून ती सराव पेन्सिलीनं करायची. मेली काटकसर! उत्तरं ताडून पाहिली, तर जी जी बदलली होती, त्यातली बहुतेक आधी बरोबर होती. मी कपाळावर हात मारला.

“अगं, खऱ्या पेपरात तर पेन असतं. तिथं काय करतेस?”

“शंका आली की गोल रिकामा ठेवते. शेवटी बघू म्हणून.” तिचा चेहरा एवढासा झाला. “आणि शेवटी वेळ संपतो.”

मी चष्म्याच्या दुकानात नजर तपासते. ही काच बरी की ती, असं विचारलं की गिऱ्हाईक पटकन सांगतं आणि ते बरोबर असतं. मग म्हणतं, थांबा हं, परत दाखवा. चारदा दाखवलं की त्याचं त्यालाच काही कळेनासं होतं. मी म्हटलं, रोग सापडला! खोडरबर उचलला आणि खिडकीबाहेर भिरकावला. पुढच्या रविवारी तिच्या हातात पेन दिलं आणि मोठा पराक्रम केल्यासारखी बसले.

झालं भलतंच. पेन उघडलं आणि पोरीचा हात गारठला. निम्मा पेपर कोरा. गुण आधीपेक्षाही खाली.

“तुझं दुकान तुझ्यापाशी ठेव!” ती किंचाळली. “तिथं चुकलं तर काच बदलून देतेस. इथं माझं वय बदलून देणार आहेस का?”

मीही काही कमी नाही. “मर जा मग तशीच!” म्हणाले आणि तणतणत गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेले. राग तिचा नव्हताच खरं तर. ती बोलली त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि माझ्या शहाणपणापायी तिची शेवटची संधी गेली तर?

कपड्यांचे चिमटे मुठीत तसेच घेऊन मी आत आले. ती रडत रडत त्याच पेपराची पानं पुढे-मागे करत होती. ते बघून माझं डोकं पुन्हा सणकलं. पेपर ओढला आणि झालेल्या पानांना खटकन चिमटा लावला.

“हे पान झालं! संपलं! आता याचं तोंड बघायचं नाही!”

ती नाक ओढत चिमट्याकडे बघत राहिली आणि एकदम फिसकन हसली.

मग रीत तिनंच बसवली, मी नाही. येतं ते तिथल्या तिथे पेनानं काळं करायचं. दोन पर्यायांत अडलं तर पहिलं मनात आलेलं. मुळीच येत नसेल तर सोडून द्यायचं, हळहळायचं नाही. पान उलटलं की चिमटा. सुरुवातीला चिमटा उघडायला तिची बोटं वळवळायची. मी नुसते डोळे वटारायचे. कुकरवरची बंदीही मीच उठवली. परीक्षेच्या हॉलमध्ये कोण उशीत शिंकणार होतं? हळूहळू गुण चढायला लागले.

“पण तिथं चिमटे नेऊ देतील का गं?” परीक्षा तोंडावर आल्यावर सासूबाईंच्या लक्षात आलं. आमच्या तर तोंडचं पाणीच पळालं. चिंगीनं शांतपणे डावा तळहात झालेल्या पानांवर दाबून ठेवला. “हा माझा चिमटा.”

परीक्षेहून आली तेव्हा म्हणाली, “एका प्रश्नाला मागे जावंसं फार फार वाटलं गं. हात घामानं भिजला, पण उचलला नाही.”

निकालाच्या दिवशी ती थेट दुकानात आली आणि फोन माझ्या हातात कोंबला. “मला बघवत नाही, तू बघ.” खुर्चीत एक काका नजर तपासायची, काचा बदलायची जड चौकट नाकावर घेऊन बसले होते. त्यांना तसंच सोडून मी निवड यादीतून बोट फिरवायला लागले.

“आहे!” मी ओरडले.

“नक्की?”

“थांब हं, परत बघते.” तिच्या बैठक क्रमांकाचा एकेक आकडा मोठ्यानं वाचला. आहे. चष्मा पुसला, परत वाचला. आहे. कुणास ठाऊक, वरची ओळ तर नाही ना? पुन्हा पहिल्यापासून.

“अहो बाई, मला काहीच दिसत नाहीये!” काका म्हणाले.

“मलाही नाही, काका!” डोळे भरून आले होते, दिसणार काय! मी पुन्हा बोट वर नेलं. तेवढ्यात चिंगीनं डावा तळहात फोनवर ठेवला.

“वहिनी, पान झालं,” ती म्हणाली. “आता उघडायचं नाही.”

माझा जीव भांड्यात पडला. तिच्या त्या हातावर मी माझा हात ठेवला, “साहेब” म्हणाले आणि दुकानभर ऐकू जाईल अशी रडले.