केरसुणीच्या घरातलं करडू

"घामोळंच असणार," धाकटीचा नवरा दाराच्या चौकटीला पाठ घासत पुटपुटला. अंगात स्वेटर होता, बाहेर धुकं असं की समोरची विहीर दिसत नव्हती, आणि या माणसाला घामोळं आलं होतं.

धाकटीने चहा गाळता गाळता ऐकलं आणि कानाआड केलं. बरेच दिवस घरात हेच चाललं होतं. सासूबाई पोटऱ्या खाजवत म्हणायच्या, "वय झालं की कातडं कोरडं पडतं गं." धाकटी स्वतः पदराआडून मान खाजवायची आणि नव्या साबणाला शिव्या घालायची. माणसं तीन, कारणं तीन, खाज मात्र एकच.

खरं काय ते तिघांनाही ठाऊक होतं. पण बोलायचं कुणी? धाकटीला गावात पाठीमागे 'केरसुणी' म्हणायचे. तिला ते माहीत होतं आणि खोटं कशाला सांगा, मनातून आवडायचंही. तिच्या ओसरीवर मुंगी चढायची ती पाय पुसून. मागे शेजारच्या थोरल्या जावेच्या घरी पिसवा झाल्या, तेव्हा हिने पाणवठ्यावर चारचौघींत सुनावलं होतं, "अक्का, पिसवा आपण होऊन येत नाहीत. त्यांना बोलवावं लागतं." ते वाक्य तिला इतकं आवडलं, की घरी येऊन नवऱ्यालाही एकदा म्हणून दाखवलं. थोरलीने तेव्हा मुकाट्याने घागर उचलली होती. आता अंथरुणावर पडलं की पिसवा चावायच्या आणि त्यांच्या जोडीला ते वाक्यही चावायचं.

घडलं ते असं. शेळीच्या करडाच्या छातीत कफ भरला. घशात घरघर, डोळ्यांत पाणी, दूधही ओढेना. जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आणि बजावलं, "अंगात ताकद नाही त्याच्या. गोचीड, पिसवा, जंत, काही लागू देऊ नका. कोरडी, स्वच्छ जागा द्या. दूध पाजायला तेवढं आईकडे न्या."

स्वच्छ जागा! असं हिला सांगायचं म्हणजे पहिलवानाला जोर काढ म्हणण्यासारखं. हिने करडू थेट माजघरात आणलं. जमीन दोनदा पुसली, कोपऱ्यात धूर केला. पण करडू काही केल्या ओरडायचं थांबेना. आईचा वास हवा असेल, म्हणून हिचं काळीज विरघळलं, आणि शेळी ज्यावर बसायची ते गोठ्यातलं पोतं हिने आत आणून अंथरलं. पाहुण्याची चप्पल उंबऱ्याच्या आत येऊ न देणाऱ्या बाईने पिसवांची अख्खी वस्ती काखोटीला मारून माजघरात नेली.

करडू शांत झोपलं. झोप उडाली ती बाकीच्यांची.

आज डॉक्टर परत येणार होते. चहा झाल्याबरोबर हिने पोतं माळ्यावर कोंबलं आणि करडाला मांडीवर घेऊन बारीक दातांच्या फणीने विंचरायला बसली. वरात निघणार असल्यासारखं ते चकाचक करून टाकलं.

"त्याला बघायला येणारेत का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तुम्ही चहा प्या."

डॉक्टर आले तेव्हा थोरलीही आली. इंजेक्शन द्यायचं तर करडू धरायला तिच्यासारखा हात नव्हता; तिच्या मांडीवर जनावर हलायचं नाही. डॉक्टरांनी छातीला कान लावला, मान डोलावली. मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या आणि त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"छाती मोकळी झालीय. ताप नाही. मग याचं रक्त जातंय कुठं?" त्यांनी विचारलं. "पिसवा वगैरे?"

"छे हो," धाकटी म्हणाली. "बघा की तुम्हीच."

डॉक्टरांनी केस उलटेसुलटे करून पाहिले. फणीने चोख काम केलं होतं.

"घरात कुणाला काही चावतं का?"

नवऱ्याची पाठ चौकटीवर होती तिथेच थांबली. "थोडं घामोळं आहे," तो म्हणाला.

"माझं वयाचं," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी तिघांकडे पाहिलं आणि पिशवी उघडली. "मग पोटातच जंत असणार. कडक औषध पाजावं लागेल. इतक्या अशक्त जिवाला ते सोसेलच असं मी सांगत नाही. पण रक्त असंच जात राहिलं तर तसंही हाती लागायचं नाही."

त्यांनी बाटली हलवली. थोरलीने करडाचं तोंड वर केलं. तेवढ्यात तिच्या लुगड्यावर एक काळा ठिपका टुणकन उडाला आणि मनगटावर बसला. धाकटीने पाहिला. थोरलीनेही पाहिला. आता ही बोलणार, धाकटीला वाटलं. बोलायलाच हवं, मी असते तर पाणवठ्यापर्यंत ओरडत गेले असते. थोरलीने दुसऱ्या हाताने तो चिमटीत धरला, नखावर चिरडला आणि बोट लुगड्याला पुसलं. वर बघितलंसुद्धा नाही.

"आ कर रे बाळा," ती करडाला म्हणाली.

करडाने शहाण्यासारखं तोंड उघडलं. औषधाची नळी दातांशी आली.

"थांबा डॉक्टर," धाकटीने मधे हात घातला. आवाज चिरका निघाला, म्हणून तिने घसा खाकरला आणि सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं म्हणाली, "पिसवा आहेत. घरभर आहेत. सकाळी मी त्याला विंचरून बसवलंय."