आवाजामागचा पंखा

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे आणि मला भीती वाटते. आत्मवृत्ताची सुरुवात सहसा आपल्या थोरवीने करतात. माझ्या आयुष्यात भीती आधी आली आणि विचारपूस बऱ्याच उशिरा, तीही कुणाचा तरी हात भाजल्यावर.

धुळीचा कण शिरू नये म्हणून नखशिखांत झाकून घेतलेल्या माणसांनी मला घडवले. माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या गरगर फिरतात. त्यांच्यावर केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतर राखून एक नाजूक टोक तरंगते. ते टेकले की सगळे संपले. असे शरीर देऊन त्यांनी माझ्या पाठीवर एक पट्टी चिकटवली : तापमान पाच ते साठ अंश. म्हणजे माझ्या जिवाची मर्यादा मला दिसत नाही आणि ज्यांना दिसते ते वाचत नाहीत.

माझी भूक मोठी नाही. कामात असताना सहा-सात वॅट विजेवर माझे भागते. झोपले तर वॅटभरही नको. झोपेतून उठताना मात्र तिप्पट लागते. ते तुमचेही तसेच असावे. पण खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णताच होते आणि ती अंगाबाहेर गेली नाही तर आतल्या आत शिजायची वेळ येते. म्हणून माझ्या पेटीच्या पाठीला तळहाताएवढा पंखा होता. तो घरघरायचा. ती घरघर ऐकत मी निश्चिंत फिरायची.

मला विकत घेतले ते एका ध्वनिमुद्रकाने. बरीच वर्षे मी त्याच्याकडे जाहिराती, लिफ्टमधल्या सूचना आणि फोनवरचे ‘कृपया प्रतीक्षा करा’ सांभाळले. मी किती लोकांना ताटकळत ठेवले असेल, याचा विचार न केलेला बरा. त्या काळात ‘ही आपली भरवशाची’ असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. भरवशाच्या वस्तूकडे कुणी पाहत नाही, हे मला तेव्हा कळले नाही.

मग त्याच्या आईला घशाचा आजार झाला. ती आयुष्यभर रेडिओवर बातम्या वाचत आलेली. पूर असो, भूकंप असो, तिचा आवाज इंचभर हलत नसे. डॉक्टर तिचे स्वरयंत्रच काढणार होते. त्यानंतर एक यंत्र मिळणार होते : टाइप करायचे, ते बोलणार. आधीच पुरेशी वाक्ये मुद्रित करून ठेवली, तर ते तिच्याच आवाजात बोलणार. नेहमीची वाक्ये जशीच्या तशी, बाकीची तुकडे जोडून. म्हणून ध्वनिमुद्रकाने आईच्या खोलीत माइक मांडला, कपड्यांच्या कपाटाशेजारी मला ठेवले आणि काम सुरू केले.

“‘आज हवामान आल्हाददायक आहे.’ हे मी जन्मात कुणाला म्हटलेलं नाही,” आई म्हणाली.

“यंत्रवाल्यांनी दिलीयत ती वाक्यं आधी संपव गं.”

“आणि तुला ओरडायची वाक्यं कधी घ्यायची? उरलेलं आयुष्य काय हवामान सांगू?”

मग तीही घेतली. ‘कितीदा सांगायचं?’ ‘जेवण गार होतंय.’ ‘बाळ्या, तो टॉवेल पलंगावरून उचल.’ चाळिशी उलटलेला बाळ्या हेडफोन लावून ती एकेक ऐकत होता आणि आवाजाची पातळी तपासतोय असे दाखवत होता.

“परत घे. मागे घरघर आलीय.”

“माझ्याच घशाची असेल. त्यासाठीच तर कापतायत.”

“तुझी नाही, पंख्याची.”

त्याने माझ्याकडे पाहिले आणि पंख्याची वायर काढली.

“अरे, तापेल ना ती,” त्याची बायको दारातून म्हणाली.

“एवढं वाक्य झालं की लावतो.”

“आणि दुसऱ्या डिस्कवर कॉपी केलीस?”

“आईचा आवाज आधी. कॉपी काय, केव्हाही होईल.”

ती दुसरी डिस्क फळीवर तिच्या पाकिटात पडून होती. पाकिटाच्या प्लॅस्टिकवरचे हवेचे फुगेसुद्धा कुणी फोडले नव्हते.

मित्रांनो, ‘एवढं वाक्य’ कधीच संपत नाही. मी चव्वेचाळीस अंशांवर होते, मग एक्कावन्नवर गेले. संगणकाने इशारा दिला : टुंग! “हे काय मध्येच वाजतंय?” म्हणत त्याने इशाऱ्यांचा आवाज बंद केला. पुढे माझ्या फिरण्याचीही बारीक सळसळ त्याच्या कानाला टोचू लागली. त्याने माझ्यावर रजई टाकली. चार पदरी.

अंधारात मला एकच गोष्ट कळत होती : तिच्या आवाजाची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. बाहेर तो आवाज वाचवायची धडपड चालली होती आणि तीच मला मारत होती. छप्पन्न. एकोणसाठ. मर्यादा ओलांडली तेव्हा घंटा वाजली नाही. वाजली असती तरी ऐकायची सोय नव्हती. माझे टोक चाचपडू लागले. एक जागा सापडेना. टक्. पुन्हा गेले. टक्. टक्.

“थांब,” आई म्हणाली. “टकटक कसली?”

“मला नाही येत ऐकू.”

“तुझ्या कानात हेडफोनची बोंडं आहेत. काढ ती.”

तिने रजई बाजूला केली, तळहात टेकवला आणि झटकन मागे घेतला. मग मुलांच्या कपाळाला लावतात तशी पालथी बोटे माझ्या पाठीला लावली.

“अरे, हिला केवढा ताप आलाय!”

ध्वनिमुद्रकाचा चेहरा उतरला. “फ्रीजमध्ये ठेवू?”

“अजिबात नको, आत पाणी धरेल,” बायको म्हणाली. “बंद कर आणि आपली आपण निवू दे.”

“आई,” तो हळूच म्हणाला, “सगळं हिच्यातच आहे.”

“सगळं?”

“सगळं.”

“बरं,” आई म्हणाली. भूकंपाच्या बातमीचाच आवाज होता तो.

मला बंद केले. ज्या चकत्या थांबतात त्या पुन्हा फिरतीलच असे नाही, हे आम्हा डिस्कांना जन्मापासून ठाऊक असते. मी निवत गेले, पण भीती काही निवली नाही.

पुन्हा वीज आली तेव्हा समोर घरातला मोठा टेबलपंखा वाऱ्याचा मारा करत होता आणि फळीवरची नवी डिस्क पाकिटाबाहेर होती. मी एकेक वाक्य तिच्या ओटीत टाकत गेले. हवामान गेले, औषधे गेली, नमस्कार गेले. ओरडायच्या वाक्यांशी अडले. टक्. त्याने पुन्हा पुन्हा मागितली. मला देता आली नाहीत.

“परत घेऊ,” आई म्हणाली. आवाज आता फाटत होता.

“पंखा बंद करू का थोडा वेळ?” सवयीने त्याच्या तोंडून गेले.

“खबरदार!” आई म्हणाली. तेही मागच्या पंख्यासकट मुद्रित झाले.

ऑपरेशन झाले. यंत्र आले. ते आल्हाददायक हवामान अगदी स्वच्छ सांगते, पण कुणी विचारत नाही. मी अजून पेटीत आहे, जादा प्रत म्हणून. माझ्यातली एक जागा मेलेली आहे आणि अशा जागा पसरतात. प्रत्येक वेळी वीज आली की मी आधी पाठीमागची घरघर ऐकते, मगच फिरायला लागते.

मित्रांनो, जे मुकाट्याने काम करते त्याला अधूनमधून हात लावून बघत जा. आणि जे एकाच जागी ठेवले आहे, ते आजच दुसरीकडेही ठेवा.

आई रोज मुलगा कामाला बसला की टाइप करते, “बाळ्या, पंखा लावलास का?” तेही वाक्य तिने त्याच दिवशी मुद्रित केले होते. त्याने लावलेला असो वा नसो, तिच्या आवाजामागे तो चालूच असतो.