उलट्या झटक्याचा शोध

वडीगोद्रीच्या हायवेलगत कल्याणचा फ्लेक्स लागला होता: ‘आपल्या मातीतला शास्त्रज्ञ’. काळा गॉगल घातलेला शास्त्रज्ञ वंदनानं पहिल्यांदाच पाहिला. तिला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला. कल्याण तिच्या आत्याचा मुलगा. भावाची पोरगी बहिणीच्या घरी द्यायची ही इकडची जुनी रीत, तेव्हा दिवाळीनंतर दोघांचं लग्न ठरलेलं. त्यात दोघंही भौतिकशास्त्रातले, तो पुण्यात आणि ती संभाजीनगरात. यांची पोरं पाळण्यातच गणितं सोडवतील, असं सोयरे चेष्टेनं म्हणत.

वंदनाचा विषय ऐकला की समोरचा माणूस घाईनं चहा मागवायचा. अणूंसारख्या बारीक कणांच्या समूहाला ठरावीक वेळानं झटके देत राहायचं आणि तो कसा वागतो ते बघायचं, एवढंच खरं तर. बहुतेकदा तो समूह प्रत्येक झटक्यातून ऊर्जा पीत जातो, तापतो, आणि त्याची सगळी शिस्त मोडते. झोक्याला बराबर वेळेवर ढकललं की तो चढतच जातो ना, तसं. वंदनाला मात्र एक युक्ती सापडली होती. झटके भराभर द्यायचे आणि मधूनमधून एक उलटा द्यायचा. मग समूहाला ती ऊर्जा पचतच नाही, तो कितीतरी काळ थंड राहतो. या एका गोष्टीसाठी तिनं काही वर्षं डोकं फोडलं होतं आणि तिची सगळी पीएचडी हिच्यावरच उभी होती. कल्याणला तिनं फोनवर सगळं समजावलं होतं, आकृत्याही पाठवल्या होत्या. होणाऱ्या नवऱ्यापासून काय लपवायचं?

सत्काराच्या हॉलमध्ये फेटा, शाल, नारळ सगळं यथासांग झालं. मग परदेशात छापून आलेला आपला शोध सांगायला कल्याण उभा राहिला आणि मागच्या पडद्यावर आकृती उमटली. ती वंदनाची होती. निळ्यावरच्या पिवळ्या रेघासुद्धा तिनंच निवडलेल्या. खाली नावं दोनच, कल्याणचं आणि त्याच्या सरांचं. “उलटा झटका ही माझी कल्पना,” तो सांगत होता. केसानं गळा कापणं म्हणतात ते असं असतं, हे तिला त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून कळलं. आधी संताप आला, मग आपल्याच भोळेपणाची लाज वाटली. पुढच्या रांगेत तिचे वडील साहेबराव टाळ्या वाजवत होते.

जेवणाच्या पंगती बसल्यावर तिनं कल्याणला हॉलमागं गाठलं.

“हे माझं काम हाय, कल्याण.”

“तुझं-माझं काय करून राह्यलीस? दिवाळीनंतर माझ्याच घरात येशील. मला नोकरी पक्की व्हायला हे जल्दी छापावं लागलं.”

“अन् माझी पीएचडी?”

“तू दुसरं काही शोध ना. हुशार हायेस.” तिची नजर चुकवत तो म्हणाला, “अन् मी चोरी बिलकुल न्हाई केली. इचारलं व्हतं.”

“कुणाला?”

“मामाला. उन्हाळ्यात घरी आल्तो तवा.”

आपल्याकडं पोरीचा हात बापाकडं मागतात, हे वंदनाला माहीत होतं. पोरीचं डोकंही त्याच्याकडंच मागतात, हे नवीन होतं. आणि हा तर तो बाप, ज्यानं सगळ्या भावकीची बोलणी खाऊन तिला शिकवलं, दर रविवारी मोटारसायकलवर जालन्याला शिकवणीला नेलं. कल्याणचं एक वेळ सोडून देता आलं असतं. हे तिला सोसवेना.

साहेबराव नळावर हात धूत होते.

“आबा, तुम्ही त्याला हो म्हणलात?”

“घरातल्या घरात काय गं पोरी? त्याचं नाव झालं म्हंजी तुझंच झालं.”

“ते माझं हाय, हे माहीत व्हतं तुम्हाला?”

“व्हतं की. त्यानंच सांगितलं.”

“मंग मला का न्हाई इचारलं?”

साहेबरावांनी रुमाल काढला, हात पुसले. कोरडे झाले तरी पुसतच राहिले.

“तू न्हाई म्हणली असतीस,” ते म्हणाले.