खिडकीवरचं पोळं

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मालनबाई खिडकीजवळच्या पलंगावरून हलेनात. डॉक्टर चाला म्हणत होते, भिकनराव विनवण्या करत होते, पण त्या वॉकर धरून बाथरूमपर्यंत जायच्या आणि परत येऊन बसायच्या. भिकनराव प्रेसमधून रिटायर झालेले. नाशिक रोडच्या त्या तळमजल्यावर दोघंच राहत.

एका सकाळी खिडकीच्या छज्ज्याखाली भिकनरावांना गांधीलमाशीचं पोळं दिसलं. बारीक देठाला लटकलेलं, करड्या कागदाचं, सुपारीएवढं. त्यांनी झाडू उचलला.

"अहो, थांबा!" मालनबाई म्हणाल्या. "एकटीच आहे बिचारी. समोरच्या जुन्या दाराचं लाकूड कुरतडून आणते, चावते आणि लावते. आठवडा झाला, मी बघतेय."

"उद्या पन्नास होतील. मग?"

"मग बघू."

बायको इतक्या दिवसांनी कशात तरी रमली होती. भिकनरावांनी झाडू ठेवून दिला.

पोळं वाढत गेलं, माश्याही वाढल्या. "आज कढीपत्त्यावरची अळी नेली, पिल्लांना भरवायला," असं मालनबाई सांगायच्या आणि भिकनराव चहा घेत ऐकायचे. पण एक माशी घरात शिरली तेव्हा ते जाळी घेऊनच आले. खिडकी बंद केली, बाहेर स्टूल मांडलं आणि चौकटीवर खिळा ठोकला.

दुसऱ्या ठोक्याला माश्या उठल्या. एक भुवईवर डसली, दुसरी कानावर. "आई गं!" करत ते स्टुलावरून उतरले, कसेबसे घरात आले आणि खुर्चीत बसले. डोळा बघता बघता सुजून मिटला.

"अहो, श्वास नीट येतोय ना?"

"येतोय गं. आग होतेय नुसती."

थोड्या वेळानं कपाळाला गार लागलं. फडक्यात बर्फ बांधून मालनबाई समोर उभ्या होत्या. भिकनरावांनी उघड्या डोळ्यानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग पलंगाशी राहिलेल्या वॉकरकडे.

"मालन, तू स्वयंपाकघरात गेलीस?"

"मग काय बर्फ चालत येणार होता?" त्या म्हणाल्या, आणि आपण काय केलं ते कळून त्यांनी घाईनं खुर्चीची पाठ पकडली. भिकनरावांनी त्यांना धरून बसवलं. दोघंही हसत सुटली. हसल्यावर भिकनरावांची भुवई आणखी ठणकली.

"माझ्यामुळे झालं," मालनबाई हळूच म्हणाल्या. "फवारणीवाल्याला बोलवा."

"कशाला? त्यांच्या दारात ठोकाठोकी मी केली. ही खिडकी बंद ठेवू. थंडीत निघून जातील, मग रिकामं पोळं काढू."

पण बंद खिडकीच्या धुरकट काचेतून मालनबाईंना नीट दिसेना. दोन दिवस त्या चडफडल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी चपला मागितल्या आणि भिकनरावांच्या खांद्यावर हात टाकून फाटकापर्यंत गेल्या. तिथून लांबूनच बघत म्हणाल्या, "केवढं मोठं केलंय हो!"

"उद्या परत येऊ," भिकनराव म्हणाले.