थांबवलेली सरणं

"माझ्या मयताला भाषण करू नका साहेब. खांदा द्या. अन् टायमावर या."

दवाखान्यातून घरी आणल्यावर जुना कार्यकर्ता सटवाजी म्हणाला होता. रामलिंगरावांनी त्याचा हात दाबून "हाव" म्हटलं होतं.

आज सकाळी त्याच्या लेकीचा, पुनमचा फोन आला. "काका, बाबा गेले. दुपारी मयत उचलूलालेत."

रामलिंगराव तेव्हा नांदेडच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसले होते. आत पक्षाचे नेते तिकिटाच्या इच्छुकांना भेटत होते. त्यांच्यासारख्या मागच्या खेपेला पडलेल्या आमदाराला ही शेवटचीच संधी होती. सटवाजीचं देगलूरकडचं गाव गाठायचं तर आत्ताच उठायला हवं होतं. पण उठले की नाव कटलं.

ते बसून राहिले. सटवाजी थांबवून ठेवील, असं मनात आलं आणि त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. आमदारकीच्या साऱ्या वर्षांत गावोगावची सरणं सटवाजीनंच थांबवून धरली होती. "साहेब निघालेत, फाट्यावर आलेत," असं सांगत तो रडणाऱ्या लेकांच्या हातातला अग्नी अडवायचा. मग साहेब यायचे, खाजामियाँ माईक लावायचा, श्रद्धांजली व्हायची, आणि मगच माणूस जळायचा. साहेबांनी खांदा मात्र कुणालाच दिला नव्हता. तोवर तिरडी कधीच उतरलेली असायची.

दुपार कलल्यावर त्यांना आत बोलावलं. नेते जेवून हात पुसत होते.

"रामलिंगराव, तब्येत उतरली तुमची. जपा आता."

एवढंच. तिकिटाचा विषय निघालाच नाही.

ते गावात पोचले तेव्हा सरण निम्मं खचलं होतं. माणसं पांगू लागली होती. खाजामियाँ रिकाम्या हातांनी लिंबाखाली उभा होता.

"माईक नै आणलो साब," तो हळूच म्हणाला. "सटवाजीभाई नको बोलले होते."

"जरा थांबला असताव…"

"कुणाला सांगताव साहेब?" सटवाजीचा भाऊ मारोती जवळ येत म्हणाला. "थांबवणाराच तर सरणावर व्हता."

रामलिंगरावांनी सरणाला हात जोडले. धग तोंडावर येत होती, तरी ते मागं सरले नाहीत.

घरी सटवाजीची बायको भामाबाई भिंतीला टेकून बसली होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"जाईपर्यंत म्हणत व्हते, साहेब येतेत म्हणून. मी बी म्हणलं, येतेत."

"चुकलो मी, भामाबाई."

"परवा राख सावडायची हाय." तिनं पदर सावरला. "तुमचं काही काम असलं तर ऱ्हाऊ द्या."

हे "ऱ्हाऊ द्या" त्यांना पुरतं आत लागलं.

"येतो," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पहाटे रामलिंगरावांच्या पत्नी सिंधुबाईंनी देवापुढचा दिवा लावला, तेव्हा ते आंघोळ करून तयार होते. अंगात घरचाच सदरा होता, धुऊन मऊ पडलेला.

"गाडी सांगू का कुणाची?" सिंधुबाईंनी विचारलं. "की फोन करून कळवता, निघालाव म्हणून?"

"नको. माझ्यासाठी परत कुणी थांबायला नको."

त्यांनी चप्पल पायात सरकवली, दाराची कडी आवाज न करता काढली, आणि पहिली एस.टी. गाठायला स्टँडची वाट धरली.