उभ्या गाडीची बॅटरी

"वैनी, उभ्या गाडीला आठवड्यातनं एकदा तरी स्टार्टर मारत जावा. न्हायतर बॅटरी बसती. आणि बसायच्या आधी सांगत न्हाय बघा ती."

गाडीवरचा ड्रायव्हर केरबा हे बजावून कुरुंदवाडला गावी निघाला तेव्हा पहिलं लॉकडाऊन नुकतंच लागलं होतं आणि अनुजाला सातवा महिना होता. तिनं हसण्यावारी नेलं. "गाड्या काय रुसतात व्हय, मामा?"

शिवाजी पेठेतल्या बोळात तिच्या नवऱ्याच्या, राजवर्धनच्या, तीन भाड्याच्या गाड्या ताडपत्रीखाली गेल्या. वऱ्हाडं नाहीत, देवदर्शनं नाहीत. दोन महिन्यांनी भर दुपारी कळा सुरू झाल्या, आणि तीनही गाड्यांनी किल्ली फिरवल्यावर नुसतं 'टक' केलं. गल्लीत कोरोनाचा पेशंट सापडल्यामुळं बोळाच्या तोंडाला बांबू बांधलेले. शेजारी कुणी गाडी काढायला धजेना. फोन केल्यावर केरबा गावाकडनं दुधाचा टेम्पो घेऊन आला. बांबू सोडले, टेम्पोच्या बॅटरीला वायरी जोडून गाडी चालू केली. ओवी दवाखान्यात जन्मली, बोळात नाही.

"सांगितलं हुतं की," एवढंच तो म्हणाला.

पुढं लॉकडाऊन उठलं, पण गिऱ्हाईक बदललं. परका माणूस गाडीत नको, ड्रायव्हर नको, गाडी तेवढी द्या. रोग गेला तरी ती सवय राहिली. राजवर्धननं नंबरच्या पिवळ्या पाट्या काढून स्वतः चालवायच्या गाड्यांच्या काळ्या पाट्या लावल्या, तिनाच्या नऊ गाड्या केल्या. ड्रायव्हर घरी बसले. नवी पाटी बघून केरबा म्हणाला होता, "काळी पाटी म्हंजे ड्रायव्हरचं दहावंच घातलं म्हणा की, मालक!" सगळे हसले होते. अनुजाही.

तरी दर खंडेनवमीला तो कुरुंदवाडहून यायचा, हातानं ओवलेला झेंडूचा हार घेऊन. एका गाडीला हार, चाकाखाली लिंबू, मग चहा. यंदाही आला. सुट्ट्या लागून आलेल्या, नऊच्या नऊ गाड्या गोव्या-कोकणाकडं. अनुजा ओवीचं नाक पुसत मोबाईलवर नऊ ठिपके बघत होती. कुठली गाडी कुठं थांबली, कुठली जोरात चालली, सगळं तिला त्यात दिसतं.

"गाड्या न्हाईत हो मामा, सगळ्या बाहेर."

"व्हय व्हय. चांगलंच झालं की." त्यानं हार फाटकाच्या कडीला अडकवला. जरा उभा राहिला. गेला.

बसा म्हणायचं राहून गेलं, हे तिच्या ध्यानात आलं ते हार वाळल्यावर. तिनं फोन लावला. आधी नुसता वाजायचा, मग बंद लागायला लागला. त्याची बायको कधीच गेलेली, घरात दुसरं कुणी नाही. राजवर्धन म्हणाला, "चार्जिंग नसंल." महिना झाला. तिला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. छातीत नुसतं 'टक' होतं, पुढं काही नाही.

आज जाऊनच यायचं ठरवलं, तर ओवीला कालपासून ताप, राजवर्धन पुण्याला, आणि नऊ गाड्यांच्या घरात दारात एक गाडी नाही. ओवीच्या कपाळावर पट्टी ठेवून ती ठिपके बघत बसली. एक ठिपका नृसिंहवाडीकडं सरकत होता. त्या गिऱ्हाइकाचं तोंडही तिनं पाहिलं नव्हतं. किल्लीसुद्धा राजवर्धननं दिलेली. नंबर तेवढा होता. तिनं लिहिलं:

"पावणं, गाडीची काही तक्रार नाही, घाबरू नका. तुम्ही वाडीला चाललाय. दर्शन झालं की पूल ओलांडून कुरुंदवाडात जाल का? केरबा ड्रायव्हर कुठं राहतात म्हणून कुणालाही विचारा, सांगतील. दार वाजवा. उघडलं नाही तर परत वाजवा, शेजाऱ्यांना हाक मारा. उघडलं तर म्हणावं, अनुजावैनींनी आत येऊन बसायला सांगितलंय. गाडी परत करायला उशीर झाला तरी चालेल. तेवढं बघून याच."